केमॅलॉक शून्य बाइट आणि पत्ता १० वरचा ऊप्स: परत परत येणारा हा क्रॅश नक्की कुठे दुरुस्त करायचा

लक्षण असं असतं की ड्रायव्हर नीट लोड होतो, टेस्ट पास होतात, मशीन आठवडेच्या आठवडे चालतं आणि मग एक दिवस डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ऊप्स (क्रॅशचा रिपोर्ट) म्हणून "कर्नल नल पॉइंटर डिरेफरन्स" येतो, पत्त्याच्या जागी चौदा शून्यं आणि शेवटी १०. कोणीतरी घाईघाईत कोडमध्ये एक नल चेक (पॉइंटर रिकामा आहे का हे बघणं) टाकतं, पॅच जातो, तिकीट बंद होतं, आणि थोड्या दिवसांनी तोच क्रॅश, तोच पत्ता, फक्त फंक्शन वेगळं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. खाली सगळं लिनक्स कर्नलबद्दल आहे, बाकीच्या ओएसबद्दल शेवटी थोडं. आणि पत्ते सगळे हेक्समध्ये आहेत, म्हणजे १० म्हणजे आपले सोळा.

हे सोळा येतात कुठून ते आधी बघू. कर्नलमध्ये केमॅलॉकला, म्हणजे मेमरी मागायच्या फंक्शनला, साइज शून्य दिली तर तो नल देत नाही, खरी मेमरीही देत नाही, तो देतो झीरो साइज पॉइंटर, आणि स्लॅबच्या हेडर फाइलमध्ये त्याची किंमत सरळ १६ लिहिलेली आहे. हा पॉइंटर पूर्णपणे वैध आहे, तो साठवा, दुसऱ्या फंक्शनला द्या, केफ्रीला (मेमरी परत करणारं फंक्शन) द्या, काही होणार नाही, फक्त त्यातून वाचायचं नाही आणि त्यात लिहायचं नाही. शून्य गुंठ्याचा सातबारा म्हणा, कागद खरा आहे पण पाय ठेवायला जागा नाही. पाय ठेवला की पहिल्या पेजमध्ये फॉल्ट, कारण ते पेज मुद्दाम मॅप केलेलं नसतं.

आधी असं नव्हतं. केमॅलॉक शून्य मागितला की अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) त्याच्याकडचा सगळ्यात लहान ऑब्जेक्ट उचलून द्यायचा, आणि ज्याने शून्य बाइट मागून त्यात आठ बाइट लिहिले त्याचं कोड वर्षानुवर्षं चालत राहायचं, कारण कोणाला कळायचंच नाही. २००७ साली ख्रिस्तोफ लामेटर यांचा स्लब अ‍ॅलोकेटर कर्नल २.६.२२ मध्ये आला तेव्हा या विषयावर बरीच चर्चा झाली आणि हा सोळाचा पॉइंटर आला, मग बाकीच्या अ‍ॅलोकेटरनीही तो घेतला. आता बाकीच्या दोघांपैकी स्लॉब ६.४ मध्ये आणि जुना स्लॅब ६.८ मध्ये काढून टाकल्यामुळे स्लब एकटाच उरलाय, पण नियम तोच आहे. माझ्या मते हा निर्णय अगदी बरोबर होता. शून्य साइजची मागणी ही चूक नसते, शून्य साइजच्या मेमरीला हात लावणं ही चूक असते, आणि हा पॉइंटर नेमकी तीच चूक पकडतो.

म्हणूनच क्रॅश दिसल्यावर "अ‍ॅलोकेशन फेल झालं आणि कोणी चेक केलं नाही" असं लगेच धरून चालू नका. अ‍ॅलोकेशन फेल झालेलंच नाहीये.

आता पहिलं काम, हा खरंच झीरो साइज पॉइंटर आहे की साधा नल आहे ते ठरवणं. पत्ता १० दोन्हीकडून येऊ शकतो. पॉइंटर नल असेल आणि स्ट्रक्चरचं सोळाव्या बाइटवरचं फील्ड वाचलं तरी पत्ता १०, आणि पॉइंटर सोळा असेल आणि पहिलंच फील्ड वाचलं तरी पत्ता १०. नुसत्या पत्त्यावरून कळत नाही, रजिस्टर बघावे लागतात. ऊप्सच्या खाली कोड म्हणून हेक्स बाइटची एक ओळ असते, ती कर्नल सोर्समधल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या डीकोडकोड स्क्रिप्टला द्या, ती नेमकी इन्स्ट्रक्शन काढून देते. समजा त्यात आरएएक्स या रजिस्टरमधल्या पत्त्यावरून वाचतोय असं दिसलं, पुढे काही ऑफसेट नाही, आणि रजिस्टर डंपमध्ये आरएएक्स १० आहे, तर तो झीरो साइज पॉइंटर. इन्स्ट्रक्शनमध्ये ऑफसेट १० आहे आणि आरएएक्स पूर्ण शून्य आहे, तर तो साधा नल, मग ही पोस्ट तुमच्यासाठी नाही, तुम्ही खरंच चेक विसरलाय. हे दोन मिनिटांचं काम आहे पण बरेच जण ते करत नाहीत आणि म्हणूनच चुकीच्या जागी पॅच लागतो.

पत्ता दर वेळी १० च असेल असंही नाही. फील्ड आठव्या बाइटवर असेल तर १८ दिसेल. फार फसवणारी केस म्हणजे शेवटचा एलिमेंट वाचणारं कोड, म्हणजे अ‍ॅरेमध्ये एन वजा एक. एन शून्य असेल, साधा साइन्ड इंट असेल आणि एलिमेंट चार बाइटचा असेल तर सोळातून चार गेले, पत्ता सी, म्हणजे बारा. पण तोच एन बत्तीस बिटचा अनसाइन्ड असेल तर शून्य वजा एक म्हणजे सगळे एफ, त्याला चारने गुणून सोळा मिळवले की ६४ बिट मशीनवर पत्ता येतो चार, मग सात शून्यं, मग सी. याला कर्नल नल पॉइंटर म्हणतसुद्धा नाही, नुसतं "पेज फॉल्ट हँडल करता आला नाही" एवढं म्हणतं, आणि माणूस मेमरी करप्शन शोधत बसतो. असा विचित्र पत्ता दिसला की त्यातून सोळा वजा करून बघा, उरलेला आकडा एलिमेंटच्या साइजने बरोबर भागला जातो का.

कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं डीबग टूल) चालू असेल तर चित्र अजून वेगळं दिसतं. तिथे नल पॉइंटरऐवजी जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो आणि पत्ता असतो डी, मग चार एफ, मग सी, मग शून्यांची माळ आणि शेवटी २. घाबरू नका, हा शॅडो मेमरीचा, म्हणजे कासानच्या स्वतःच्या नोंदींचा, पत्ता आहे, कासान मूळ पत्त्याला आठने भागून त्यात स्वतःचा ऑफसेट मिळवतो, सोळा भागिले आठ म्हणजे दोन, म्हणून शेवटी २. खालच्याच ओळीत तो रेंज १० ते १७ असं लिहून देतो. सिझबॉटच्या (कर्नल आपोआप तपासणारा बॉट) रिपोर्टमध्ये ही ओळ दिसली की शून्य साइजचा संशय पहिला घ्यायचा.

हार्डन्ड युजरकॉपी (कर्नल आणि साध्या प्रोग्रामच्या, म्हणजे युजरस्पेसच्या, मेमरीमधल्या कॉपी तपासणारा चेक) चालू असलेल्या कर्नलमध्ये तिसरा चेहरा दिसतो, "कर्नल मेमरी ओव्हरराइट अटेम्प्ट डिटेक्टेड टू नल अ‍ॅड्रेस" आणि पुढे ऑफसेट, साइज. यातली साइज नीट वाचा. शून्य बाइटची कॉपी हा चेक सोडून देतो, म्हणजे हा मेसेज आला याचा अर्थ अ‍ॅलोकेट करताना साइज शून्य होती आणि कॉपी करताना नव्हती. असं कसं होतं? बहुतेक वेळा कोड युजरस्पेसमधला हेडर दोनदा वाचत असतो, एकदा लेन्थ कळावी म्हणून, एकदा सगळा डेटा आणायला, आणि मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने लेन्थ बदलली. हा नुसता क्रॅश नाही, ही सिक्युरिटीची भानगड आहे, हिला शून्याचा बग समजून शून्याचा चेक टाकलात तर मधल्या वेळात चारची चौसष्ट करणारा माणूस अजून मोकळाच आहे. लेन्थ एकदाच वाचायची आणि पुढे तीच वापरायची.

शून्य कोण मागतंय ते सापडत नसेल तर ट्रेस लावा, पण इथे एक खड्डा आहे. केमॅलॉकचा नेहमीचा ट्रेसपॉइंट (कोडमध्ये आधीच ठेवलेली नोंदीची जागा) शून्य साइजसाठी उडतच नाही, कारण स्लब साइज शून्य आहे हे बघून त्या ओळीपर्यंत पोचायच्या आधीच परत फिरतो. फिल्टर लावून बसाल आणि काहीच दिसणार नाही, मग वाटेल की शून्य कोणी मागतच नाहीये. त्यापेक्षा बीपीएफट्रेस या ट्रेसिंग टूलने दोन अंडरस्कोअरवाल्या केमॅलॉकवर केप्रोब (फंक्शन बोलावलं की चालणारा सापळा) लावा, पहिला आर्ग्युमेंट शून्य अशी अट घाला आणि कर्नल स्टॅक छापा. ६.१० पासून त्या फंक्शनच्या नावामागे नोप्रॉफ लागलंय, त्यामुळे जुनी कमांड नव्या कर्नलवर "असं फंक्शन नाही" म्हणाली तर तेवढं बदला, आणि नोड घेणारं व्हर्जन वेगळं असतं, त्यालाही लावा. आउटपुटमध्ये तुमच्या ड्रायव्हरव्यतिरिक्त दुसरेही दिसतील, ते सगळे बग नाहीत, शून्य मागून गपचूप केफ्री करणारं कोड निर्दोष आहे, त्याच्या मागे लागू नका.

आता मुख्य मुद्दा, दुरुस्ती कुठे करायची.

सगळ्यात जास्त दिसणारी दुरुस्ती म्हणजे केमॅलॉकनंतरच्या नल चेकच्या जागी झीरो ऑर नल पॉइंटर हा मॅक्रो टाकायचा आणि ईनोमेम परत द्यायचा. क्रॅश थांबतो, खरं आहे. पण आता युजरला "मेमरी संपली" असं खोटं सांगितलं जातं. सर्व्हर बघणारा माणूस फ्री कमांड चालवतो, अर्धी रॅम मोकळी दिसते, तरी ईनोमेम, मग तो सीग्रुपच्या, म्हणजे प्रोसेसच्या गटांच्या, लिमिट बघतो, फ्रॅगमेंटेशन बघतो, त्याची रात्र वाया जाते, आणि मूळ कारण एवढंच की वरून काउंट शून्य आला होता. असा एरर कोड देणं मला अजिबात पटत नाही. तो मॅक्रो मुळात केफ्रीसारख्या आतल्या फंक्शनसाठी आहे, ड्रायव्हरमध्ये तो दिसला की रिव्ह्यूमध्ये थांबून विचारलंच पाहिजे.

दुसरी दुरुस्ती याहून वाईट, साइज शून्य असेल तर एक बाइट मागायचा. म्हणजे २००७ च्या आधीचा काळ स्वतःच्या हाताने परत आणायचा. एक्स८६ वर एक बाइट मागितला की आठ बाइटचा ऑब्जेक्ट मिळतो, त्यात चार बाइट लिहिले तर कासानशिवाय कोणाला पत्ताही लागत नाही, आणि बारा लिहिले तर शेजारच्या ऑब्जेक्टची वाट लागते, मग क्रॅश भलत्याच सबसिस्टममध्ये होतो. शून्य होतं तेव्हा कर्नल जागच्या जागी ओरडत होतं, एक केल्यावर ते गप्प झालं, एवढाच फरक.

यातूनच पुढचा प्रश्न येतो आणि मला वाटतं तोच खरा आहे. समजा तुमचं कोड युजरने दिलेल्या लेन्थचा बफर घेतं, त्यात डेटा कॉपी करतं आणि मग त्याला स्ट्रक्चर हेडर म्हणून कास्ट करून पहिलं फील्ड वाचतं. लेन्थ शून्य आली, क्रॅश झाला, तुम्ही "लेन्थ शून्य तर ईइनव्हॅल" (चुकीचं इनपुट हा एरर) टाकलं. पण लेन्थ एक आली तर? तीन आली तर? तेव्हा खरी मेमरी मिळते, ती कमी पडते, आणि कोड हेडरच्या नावाखाली शिळा कचरा वाचतं. क्रॅश होत नाही म्हणून कोणी रिपोर्टही करत नाही. म्हणजे शून्याची केस ही त्या बगची सगळ्यात सौम्य केस होती, तिने तुम्हाला सावध केलं होतं. इथे चेक शून्याचा नको, "लेन्थ हेडरच्या साइजपेक्षा कमी" असा हवा, त्यात शून्य आपोआप येतं. म्हणून क्रॅश शून्यावर झाला तरी त्याच ओळीवर एक आणि दोन ठेवून बघितल्याशिवाय पॅच पाठवू नका.

शून्य येण्याचा आणखी एक रस्ता म्हणजे ओव्हरफ्लो, आणि इथे शून्य कोणी मागितलेलंच नसतं. युजरने काउंट दिला २६,८४,३५,४५६, एलिमेंट सोळा बाइटचा, गुणाकार बत्तीस बिटमध्ये झाला की उत्तर बरोबर शून्य. केमॅलॉक आनंदाने सोळाचा पॉइंटर देतो, नल चेक पास होतो, आणि लूप सव्वीस कोटी एलिमेंट भरायला निघतो. किंवा शेवटी नल कॅरेक्टर बसावा म्हणून लेन्थ अधिक एक, आणि लेन्थ बत्तीस बिटमधली सगळ्यात मोठी असेल तर अधिक एक केल्यावर शून्य. अशा ठिकाणी काउंट शून्य आहे का हा चेक काहीच पकडणार नाही कारण काउंट शून्य नाहीच आहे. इथे गुणाकार स्वतः करायचाच नाही, केमॅलॉक अ‍ॅरे किंवा केकॅलॉक वापरायचा, तो ओव्हरफ्लो दिसला की नल देतो. स्ट्रक्चरच्या शेवटी फ्लेक्सिबल अ‍ॅरे असेल तर ४.१८ पासून असलेला स्ट्रक्ट साइज वापरा, तो ओव्हरफ्लोवर शक्य तितका मोठा आकडा देतो आणि अ‍ॅलोकेशन खरोखर फेल होतं. पण लक्षात घ्या, केकॅलॉकला काउंट खरंच शून्य दिला तर तो ओव्हरफ्लो नाही, तिथे सोळाचाच पॉइंटर येणार. आणि स्ट्रक्ट साइजमध्ये काउंट शून्य दिला तर हेडरएवढी खरी मेमरी मिळते, म्हणजे पहिला एलिमेंट वाचलात तर पत्ता १० चा फॉल्ट येणार नाही, ते गपचूप हेडरच्या पलीकडे वाचेल.

मग समजा शून्य खरंच वरून आलंय, सरळ काउंट शून्य. तेव्हा ठरवायचं एवढंच की त्या जागी शून्याचा अर्थ काय. हे अ‍ॅलोकेटरला माहीत नसतं, फक्त तुम्हाला माहीत असतं. "शून्य रीजन रजिस्टर करा" याचा अर्थ काही करू नका असा असेल तर अ‍ॅलोकेशनच्या आधीच यशस्वी परत फिरा. अर्थच लागत नसेल तर ईइनव्हॅल. पण जुन्या आयऑक्टलला (प्रोग्राम ड्रायव्हरला देतो त्या कमांडला) नव्याने ईइनव्हॅल लावताना दहा वेळा विचार करा, कारण बरेच युजरस्पेस प्रोग्राम मुद्दाम शून्य पाठवतात. ग्राफिक्सचं डीआरएम बघा, तिथे लायब्ररी पहिल्या कॉलमध्ये काउंट शून्य ठेवून विचारते की सीआरटीसी (डिस्प्ले चालवणारे कंट्रोलर) किती, कनेक्टर किती, कर्नल फक्त आकडे भरून देतं, मग लायब्ररी तेवढी जागा करून दुसरा कॉल मारते. अशा ठिकाणी शून्यावर एरर दिलात तर स्क्रीनच येणार नाही, आणि युजरस्पेस मोडणारा पॅच कर्नलमध्ये टिकत नाही, तो रिव्हर्ट होणारच.

आणि कधीकधी चेक लावायची गरजच नसते. शून्य मागितलं, शून्य बाइट कॉपी केले, शून्य वेळा लूप फिरला, केफ्री केलं, हा सगळा प्रवास झीरो साइज पॉइंटरवर बिनधोक होतो. मेमडप युजर (युजरचा डेटा नव्या बफरमध्ये कॉपी करून देणारं फंक्शन) सुद्धा शून्य लेन्थवर हाच पॉइंटर देतो आणि तो एरर पॉइंटर म्हणून मोजला जात नाही. म्हणून शून्यासाठी प्रत्येक फंक्शनमध्ये वेगळी फांदी काढत बसू नका, लूपच्या बाहेर जो एक अ‍ॅक्सेस आहे, पहिला एलिमेंट किंवा शेवटचा एलिमेंट, तेवढा सांभाळा.

काही जागा मात्र अशा आहेत जिथे वाचलं-लिहिलं नाही तरी हा पॉइंटर चालत नाही. त्याचं पेज शोधणं, फिजिकल पत्ता काढणं, स्कॅटरलिस्टमध्ये (विखुरलेल्या मेमरी तुकड्यांची यादी) टाकणं, डीएमएसाठी (हार्डवेअरने थेट मेमरी वापरण्यासाठी) मॅप करणं. सोळा हा कर्नलच्या लिनियर मॅपमधला (रॅमच्या सरळ नकाशातला) पत्ता नाही, त्यामुळे हिशोबातून कसलं तरी भलतंच पेज निघतं आणि क्रॅश कुठेही होऊ शकतो, पत्त्यात १० चा मागमूसही नसतो. स्कॅटरलिस्टचं डीबग चालू ठेवलंत तर तो तिथल्या तिथे अडवतो. क्रिप्टो किंवा स्टोरेजवाल्यांनी हे विशेष बघावं, शून्य लांबीचा मेसेज हॅश करणं ही तिथे वैध मागणी असते. तसंच हा पॉइंटर सगळ्यांना एकच मिळतो, दोन वेगळ्या शून्य अ‍ॅलोकेशनचे पत्ते सारखेच, त्यामुळे पॉइंटरच की म्हणून हॅश टेबलमध्ये वापरत असाल तर दोन नोंदी एकमेकींवर बसतील.

केमॅलॉकचं कोड व्हीमॅलॉकवर (मोठ्या साइजसाठीचं दुसरं फंक्शन) नेताना तर डोळे उघडे ठेवा. व्हीमॅलॉक शून्यावर नल देतो, आणि नव्या कर्नलमध्ये सोबत वॉर्निंगही छापतो, पॅनिक ऑन वॉर्न चालू असेल तर मशीन तिथेच झोपतं. केव्हीमॅलॉक (दोन्ही करून बघणारं फंक्शन) आधी केमॅलॉककडे जातो म्हणून तो सोळाच देतो. म्हणजे एकाच ओळीत "मोठ्या साइजसाठी" म्हणून केलेला बदल शून्याचं वागणं पूर्ण पालटतो. पेज अ‍ॅलोकेटरमध्ये शून्य साइज ही गोष्टच नाही, तिथे ऑर्डर (पेजची संख्या, दोनच्या घातात) द्यावी लागते, आणि गेट ऑर्डरला शून्य दिलं तर उत्तर काहीही येऊ शकतं असं त्याच्या कॉमेंटमध्येच लिहिलंय, तिथे आधी चेक लागतोच. केरिअ‍ॅलॉकला नवी साइज शून्य दिली की जुनी मेमरी फ्री होते आणि सोळा परत येतो, त्यामुळे जुना पॉइंटर कुठे दुसरीकडे साठवला असेल तर तो मेलेला आहे.

ज्यांचं कोड दोन-तीन ओएसवर चालतं त्यांच्यासाठी, सोलारिस आणि इल्युमॉसच्या घराण्यात केमेम अ‍ॅलॉक शून्यावर नल देतो, झोपायची, म्हणजे मेमरी मिळेपर्यंत थांबायची, परवानगी देणारा फ्लॅग दिला तरी. तिथे त्या फ्लॅगमुळे नल येणारच नाही असं धरून लिहिलेलं कोड याच जागी पडतं. विंडोजमध्ये ड्रायव्हर व्हेरिफायर चालू असेल आणि ड्रायव्हरने पूलमधून शून्य बाइट मागितले तर सरळ बगचेक (निळी स्क्रीन) सी४ येतो, पहिला पॅरामीटर शून्य. म्हणून शेअर्ड कोडमध्ये अ‍ॅलोकेशनच्या आधीच शून्य वेगळं काढा, तिन्हीकडे एकच वागणं मिळेल.

पॅच झाला की केयुनिट (कर्नलची टेस्ट चौकट) किंवा साध्या सी प्रोग्रामने तोच कॉल शून्य, एक, हेडरपेक्षा एक कमी, बरोबर हेडरएवढा, आणि गुणाकार फिरून शून्य होईल अशा काउंटने मारा, कासान चालू ठेवून. आणि कमिट मेसेजमध्ये नुसतं "नल डिरेफरन्स फिक्स" लिहू नका, शून्य कुठून आलं आणि तिथे शून्याचा अर्थ काय ठरवला ते एका ओळीत लिहा, म्हणजे स्टेबल कर्नलमध्ये बॅकपोर्ट करणाऱ्याला कळेल की त्याच्या जुन्या ब्रँचमध्ये तो रस्ता आहे की नाही.